सरांचा डावा हात

आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांबद्दल लिहिताना मी 'ते', 'त्यांनी' असंच लिहिणार आहे. एका स्टाफरूममध्ये अठरा वर्षं काढल्यावर लागलेली ती सवय आहे. कोणी तिला आदर समजू नये.

मी लग्न होऊन साताऱ्याहून नालासोपाऱ्यात आले आणि तुळिंजच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे आधीपासून होते. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टी ते क्वचितच वाजवत. मैदानाच्या कोपऱ्यात ते नुसते येऊन उभे राहिले की सातशे मुलं चिडीचूप होत. शाळेत कोणी पाहुणा आला की आमचे मुख्याध्यापक त्याला गॅलरीत नेऊन हे दृश्य दाखवत. एखाद्याने घरातला शोकेस दाखवावा तसं.

ही शांतता कशाची होती ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. सर डाव्या हाताने थोबाडीत मारायचे. मुलांनी तिचं नाव 'डावी' ठेवलं होतं. "आज कोणी डावी खाल्ली?" असं मधल्या सुट्टीत विचारलं जायचं. मारण्याआधी सर मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवत. सावकाश, घाई न करता. घड्याळाचा पट्टा सुटला की अख्खी ओळ श्वास धरायची. बहुतेकांचा मार उजव्या हाताचा असतो, त्यामुळे मुलं सवयीने ज्या बाजूला मान वळवायची तिकडूनच हा हात यायचा. हे मला खुद्द सरांनीच डबा खाता खाता समजावून सांगितलं होतं. त्यात एक तंत्र आहे म्हणाले.

छडीबद्दल मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता. "छडी म्हणजे लाकूड, बाई. लाकडात माया नसते. हातात माया असते."

अशी वाक्यं त्यांच्याकडे कितीतरी होती, आणि ती ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहीत. अक्षर मात्र सुरेख. मोत्यासारखं म्हणतात तसं. एकदा मी सहज तसं म्हटलं, तर ते खूश झाले. "मी जन्माचा डावखुरा. पाच वर्षांचा होतो. वडलांनी हा हात चुलीवरच्या तव्याला टेकवला. एकदाच. पुन्हा पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात गेली नाही. म्हणून आज हे अक्षर आहे." हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता. लिहिण्यातून हाकलून दिलेला हात मारण्याच्या कामाला लागला, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. पण त्यामुळे मला त्यांची दया आली असं म्हटलं तर ते खोटं होईल.

नायगावजवळच्या खाडीकाठच्या एका गावात ते वाढले होते. वडील मिठागरात कामाला. त्या गावात सगळेच पाण्याला 'पानी' म्हणतात, कोणाला 'कोन' म्हणतात. सरांनी आपल्या जिभेवरून ते सगळं खरवडून काढलं होतं आणि इतरांच्याही जिभेवरून खरवडायचा त्यांनी विडा उचलला होता. त्यांची बायको एकदा विसरलेला डबा द्यायला शाळेत आली. बारीक, काळसर, पदर डोक्यावर घेतलेली. दारातूनच म्हणाली, "पानी ठेवलंय आत, सांडंल." सर आम्हा सहा-सात शिक्षकांसमोर म्हणाले, "पाणी. ण. बाणातला. म्हण." तिने म्हणायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ती हसली. आम्हीही हसलो. मीही.

माझ्या पहिल्याच वर्षी सातवीतला एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी हसला. का हसला कुणास ठाऊक, त्या वयात कारण लागत नाही. घड्याळ खिशात गेलं. पुढच्या तासाला तो माझ्या वर्गात बसला होता आणि मी काहीही विचारलं तरी "काय?" म्हणत होता. मी त्याला बाजारातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि म्हणाले, पडदा फाटलाय.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन आहात. इथे आसपास नऊ शाळा निघाल्या. पालक आपल्याकडे का येतात? शिस्तीसाठी." दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. कारखान्यातून रात्रपाळी करून तसेच आलेले. मला वाटलं, आता तरी काही होईल. ते सरांसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, कमी पडली असेल तर अजून दोन ठेवून द्या. घरी पण ऐकत नाही." सरांनी त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. तो मुलगा दहावीपर्यंत माझ्या तासाला डावा कान माझ्याकडे करून बसत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तयारी चालू असताना सर मैदानातच छाती धरून खाली बसले. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बायपास झाली. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की शरीरातून दुसरीकडची नळी काढून तिथे जोडतात. बहुतेकांच्या पायातली काढतात. सरांच्या पायातल्या पुरेशा चांगल्या नव्हत्या, म्हणून एक हातातली घ्यायची ठरली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन मुख्य धमन्या जातात आणि तळहातात त्या एकमेकींना मिळतात. एक काढली तरी दुसरी सगळा हात सांभाळते. डॉक्टरांनी आधी त्यांचं मनगट दाबून, सोडून, तळहात पुन्हा लाल होतो का ते पाहिलं. झाला. मग विचारलं, "कोणत्या हाताने लिहिता?" सर म्हणाले, "उजव्या." म्हणून डाव्या हाताची नस काढली. कोणत्या हाताने मारता, हे विचारायचं त्यांच्या फॉर्मवर नव्हतं.

तीन महिन्यांनी सर परत आले ते एक वेगळंच प्रकरण होऊन आले. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सरळ रेघेसारखा व्रण होता आणि त्यावर जुन्या स्वेटरची कापलेली लोकरीची बाही. मे महिन्यातसुद्धा बाही असायचीच. घड्याळ उजव्या मनगटावर गेलं. स्टाफरूममध्ये ते भिंतीलगतची खुर्ची घ्यायचे, डावी बाजू भिंतीकडे करून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. "एका नळावर अख्खी चाळ आहे आता," ते येईल त्याला सांगत. तुळिंजमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या माणसांना ही उपमा लगेच पटायची. डॉक्टरांनी काही महिने जड उचलू नका, अंगठ्याजवळ बधिर वाटेल, ते हळूहळू जाईल, असं सांगितलं होतं. एवढंच. त्यातलं 'काही महिने' सरांनी गाळून टाकलं.

पण त्यातून एक गोष्ट घडली, आणि ती सगळ्या शाळेने पाहिली. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात परिपाठाला आठवीतली दोन मुलं कुजबुजली. सर चालत गेले. एकाला पुढे ओढलं. हात वर गेला आणि तिथेच थांबला. सरांनी मान वळवून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. एखादं दुसऱ्याचं भांडं आपल्या हातात आलंय आणि ते फुटेल, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी उजवा हात उगारला. तो कधी त्यासाठी वापरलेलाच नव्हता. मुलाच्या कॉलरला घासून तो पुढे गेला, गळ्यातली शिट्टी उडाली, सरांचा तोल गेला. मागच्या ओळीत कोणीतरी फिसकन हसलं.

त्यानंतर सरांनी कोणावर हात टाकला नाही. मुलांना उन्हात उभं केलं, बापाच्या धंद्यावरून टोमणे मारले, कोणाला 'हिरो' कोणाला 'मवाली' म्हणून हाका मारल्या. क्षुद्रपणा काही कमी झाला नाही. पण कानाचे पडदे शाबूत राहिले. मी मनातल्या मनात त्या सर्जनचे आभार मानत असे.

सात वर्षं अशी गेली. मग एके दिवशी हॉस्पिटलचं पत्र आलं. ज्यांच्या हातातली नस काढली होती त्या जुन्या पेशंटना बोलावलं होतं. इतक्या वर्षांनी त्या हातात रक्त नीट फिरतंय का, ते तपासायचं होतं. सोबत इंग्रजी प्रश्नावली. सर ती घेऊन माझ्याकडे आले, कारण मी सायन्सची.

"थंडीत बोटं पांढरी पडतात का?" मी वाचलं.

"नालासोपाऱ्यात थंडी असते कुठे?"

"काम करताना हात दुखतो का?"

"काम करत नाही ना. दुखेल कसा?"

"सर, मग काय लिहू?"

"लिहा, जपतो म्हणून दुखत नाही."

ते जाऊन तपासणी करून आले. डॉक्टर भेटलेच नाहीत म्हणाले. एका मुलीने थंडगार जेली लावून हातावरून यंत्र फिरवलं, हातात एक स्प्रिंगचा दांडा देऊन तो जोरात दाबायला सांगितला, मूठ उघडझाप करायला लावली आणि रिपोर्ट पोस्टाने येईल म्हणून सांगितलं. यंत्रातून येणारा आपल्याच रक्ताचा आवाज त्यांनी स्टाफरूममध्ये तोंडाने काढून दाखवला. फूश, फूश. त्या दिवसापासून त्यांच्या चालीत जुना ताठरपणा यायला लागला.

"रिपोर्ट चांगला येणार, बाई. मला आतून वाटतंय. मग बघा. पोरं माजलीत सात वर्षांत."

"म्हणजे?"

"नववी ब पासून सुरुवात करू. तुमच्या वर्गातला तो आहे ना, अडखळत बोलतो तो? मुद्दाम करतो. दोन बसल्या की सरळ बोलेल."

तो मुलगा मुद्दाम करत नव्हता. त्याला प्रत्येक शब्द घशातून ओढून काढावा लागायचा. सगळा वर्ग त्याला वेळ द्यायला शिकला होता. आम्ही चाळीस जण मिळून ते शिकलो होतो, मीसुद्धा.

रिपोर्ट आला तो मधल्या सुट्टीत. मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसत होते. सर पाकीट घेऊन आले, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. मुलगी तेव्हा शाळेतच होती. आणि खरं सांगायचं तर सर आपल्या नेहमीच्या डॉक्टरलाही मानत नसत. "तो फक्त गोळ्या मोजतो. तुम्ही वाचा."

मी वाचलं. दीड पान होतं. उरलेल्या धमनीतून रक्ताचा प्रवाह भरपूर आहे. ती धमनी वर्षांच्या ओघात थोडी रुंद झाली आहे आणि काढलेल्या धमनीचं काम तिने उचललं आहे. बसल्या जागी आणि व्यायामानंतरही बोटांपर्यंत रक्त व्यवस्थित पोचतं. हाताच्या कामात कोणतीही उणीव नाही. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य: उरलेल्या धमनीच्या आतल्या थराची जाडी किंचित वाढलेली दिसते. त्याला लागूनच पुढचं वाक्य: याला सध्या काही महत्त्व नाही.

मी ते मधलं एकच वाक्य वाचून दाखवलं.

"उरलेल्या नसेच्या आतल्या भिंतीची जाडी वाढलेली आहे, सर."

ते पुढे झुकले. "म्हणजे?"

"जाडी वाढली की जागा कमी होते. पाइपात गाळ बसतो ना, तसं." हे मी मुलांना शिकवते त्याच आवाजात म्हणाले.

"म्हणजे ही पण बंद होणार?"

"जपलंत तर नाही होणार. हिसका बसता कामा नये. झटका नको, आपटणं नको."

"मारणं?"

"ते तर अजिबात नको."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला तेव्हा काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला. पडदा फाटलेला तो मुलगा, त्याच्या बापाचे जोडलेले हात, डोक्यावरून आलेली ती नजर, सगळ्याचा हिशेब मी एका वाक्यात चुकता केला असं वाटलं. सरांनी रिपोर्ट घडी करून पाकिटात घातला आणि उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. घंटा झाली तेव्हा म्हणाले, "बरं झालं तुम्हाला दाखवलं."

पुढची पाच वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, तो हात कुणाच्या वाटेला गेला नाही. नववी ब मधला मुलगा दहावी पास झाला. अडखळत, पण पास. मी माझ्या खोटेपणाकडे एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहावं तसं पाहत असे. सरांनी तर हात गळ्यात बांधायलाच सुरुवात केली. निरोप समारंभात ते उभे राहिले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "या बाईंनी माझा हात वाचवला." टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून त्या घेतल्या.

त्यानंतर दोनएक वर्षांनी मी त्यांच्या घरी गेले. शाळेच्या एका कार्यक्रमाचं आमंत्रण जुन्या शिक्षकांना द्यायचं होतं आणि नायगाव माझ्या वाट्याला आलं होतं. त्यांच्या वडलांनी ज्या बाजूला मीठ ओढलं त्या बाजूला आता उंच इमारती झाल्या होत्या. त्यातल्या एकीत सातव्या मजल्यावर सर राहत होते. खिडकीतून खाडी दिसत होती. दार त्यांच्या बायकोने, वहिनींनी, उघडलं. मी त्यांना डब्याच्या त्या दिवसानंतर कार्यक्रमांतच, दुरून पाहिलं होतं. केस पार पांढरे झाले होते.

सर सोफ्यावर बसले होते. डावा हात उशीवर. बाही नव्हती, त्यामुळे मला तो नीट दिसला आणि मी चरकले. हात वाळला होता. कोपराखालचं मांस उतरलेलं, बोटं अर्धवट वळलेली. रक्ताअभावी नाही. न वापरल्यामुळे. मी विज्ञान शिकवते, मला फरक कळतो.

त्यांची मुलगी काही दिवसांसाठी माहेरी आली होती. तिची नऊ-दहा महिन्यांची पोर जमिनीवर रांगत होती. ती सरांच्या पायाशी आली, त्यांच्या पायजम्याला धरून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. पोर धपकन खाली बसली आणि रडायला लागली.

वहिनींनी तिला उचललं. "एकदापन घेतली नाय हो," त्या मला म्हणाल्या. "म्हनतात हात दगा देईल, पोर पडंल."

मी आमंत्रणपत्रिका टीपॉयवर ठेवली. "सर, तो रिपोर्ट आहे का अजून?"

होता. कपाटातल्या फाइलीत, प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या पोथीसारखा जपलेला. मी तो सगळा मराठीत वाचून दाखवला, या वेळी एकही वाक्य न गाळता. शेवटचं वाक्य संपल्यावर म्हटलं, "मी तेव्हा खोटं बोलले. तुमचा हात पहिल्यापासून उत्तम होता."

"माझं मन राखायला सांगताय."

"नाही. मन राखायचं असतं तर गप्प बसले असते."

"तुम्ही कशाला खोटं बोलाल? तुम्ही सायन्सच्या."

"तुम्ही मुलांना मारू नये म्हणून."

राग येईल असं मला वाटलं होतं, मी त्याची तयारी ठेवली होती. त्यांना मात्र खरोखर कोडं पडलं होतं. "मग सरळ सांगायचं ना, बाई. मारू नका म्हणून. तुम्ही कधी म्हणालाच नाहीत."

त्यांनी ऐकलं असतं? मुळीच नाही. त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं असतं आणि घड्याळ काढलं असतं. पण ते म्हणत होते ते खरं होतं. मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं, या माणसाला तोंडावर कधीही सांगितलं नव्हतं. अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला होता.

मी उठले. सर उशीवरच्या त्या हाताची बोटं हळूहळू मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. पाचव्या-सहाव्या वेळेला मूठ बऱ्यापैकी वळली.

वहिनी मला सोडायला लिफ्टपर्यंत आल्या. पोर त्यांच्या कडेवर होती. त्यांनी मागे वळून दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आता कशाला सांगितलंत, बाई?"

"वहिनी, त्यांना उगाच…"

"चौदा वर्षं मी त्यांची बटनं लावली. भात कालवून दिला. पाठ चोळली. मला परवडलं होतं ते." लिफ्ट येऊन थांबली. "शाळेत पोरं होती तुमची. घरी मी होते ना."

मला सगळं कळायला लिफ्टचं दार उघडण्याएवढाच वेळ लागला. इतक्या वर्षांत मी एकदाही विचार केला नव्हता की शाळा सुटल्यावर तो हात कुठे जात असेल. माझ्या खोट्याने वहिनींना चौदातली शेवटची सात वर्षं दिली होती आणि माझ्या खऱ्याने मी ती आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, परत घेतली होती. दोन्ही वेळेला त्यांना न विचारता.

मी लिफ्ट सोडून दिली आणि परत घरात गेले. चपला न काढता. मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी होती. सर अजून मूठ वळत होते.

"सर," मी म्हणाले. "तुम्ही म्हणालात ना, सरळ सांगायचं. सांगते. हा हात कोणावर उगारायचा नाही. वहिनींवर नाही. कोणावरच नाही. आधीही तो उगारायला नको होता. तुम्ही ज्या मुलाचा कान फोडलात तो आजही एका कानाने ऐकतो. मी हे वीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहत होते. "काय सांगितलंस तू हिला?"

बोलली ती मुलगी. "तिने काय सांगायचंय, बाबा? मला काय माहीत नाही का? मी इथेच वाढले ना?" ती पुढे आली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "आई आता माझ्याबरोबर येणार आहे महिनाभर. परत यायचं की नाही ते नंतर ठरवू."

सर गप्प झाले. मी त्यांना इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं. मैदानावर मुलं गप्प व्हायची तसे. वहिनींनी मला चहा विचारला नाही आणि मी थांबले नाही.

वहिनी दीड महिन्याने परत आल्या. ते त्यांचं त्यांनी ठरवलं. दुसऱ्याच्या घरी किती राहणार, म्हणाल्या. मी त्यांना माझा नंबर दिला आणि हात उठला की नाही ते दर आठवड्याला फोन करून कळवायला सांगितलं. केला नाहीत तर मी येईन, असंही सांगितलं. हे सरांसमोर सांगितलं, मुद्दाम. सरांनी हात हळूहळू वापरायला घेतला होता. कप धरायचे, पेपर धरायचे. नातीला उचलायला लागले. एकदा मी त्यांना नायगाव स्टेशनबाहेर पाहिलं, पोर डाव्या कडेवर होती, आणि माझ्याकडे बोट करून ते ओळखीच्यांना सांगत होते की ही बाई सायन्सची असून तिला साधा रिपोर्ट वाचता येत नव्हता. मी ऐकून घेतलं. माणूस बदलला असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यावर लक्ष होतं, एवढंच.

वहिनी दर शनिवारी फोन करायच्या. बाकी कोणी फोनवर आधी 'कशा आहात' म्हणतं. त्या आधी म्हणायच्या, "नाय." मग हवा, नात, भाजीचे भाव, बाकीचं. मी कधी काही विचारलं नाही, त्यांनी कधी त्या शब्दाला दुसरा जोडला नाही.

दीड वर्षाने एकदा मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. वार वेगळा होता म्हणून मी घाबरून उचलला. वहिनींनी त्या दिवशीही आधी "नाय" म्हटलं, आणि मग सांगितलं की सर पहाटे गेले.